चुंबक चिकटला

ता. ९ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक, म्हातारी सोडून. दचकू नकोस, म्हातारी म्हणजे दवाखान्याची जीप. बाबांना तिला म्हातारी म्हटलेलं खपत नाही. वयावरून कुणाला बोलायचं असेल तर आधी मला बोल, म्हणतात.

तिचा सायलेन्सर पुन्हा गेला. तुला ठाऊकच आहे, वस्त्यांवर जायची वाट मिठागरातून. भरतीच्या वेळी चाकं अर्धी खाऱ्या पाण्यात असतात. मागच्या वर्षी बसवलेला पाइप फिटरने नुसता दाबला तर त्याच्या हातात तुकडा आला. परवा एका अडलेल्या बाईला आणत होते, तर सगळा धूर आत. तिला उलट्यांवर उलट्या. मी एवढी नर्स, पण काचा खाली करण्यापलीकडे काही सुचलं नाही. तिच्या सासूने विचारलं, ही गाडी माणसं वाचवायला ठेवली आहे का. मला मान वर करवेना.

तू आता सायलेन्सर बनवणाऱ्याकडेच कामाला आहेस, तर खाऱ्या पाण्याला आणि दवाखान्याच्या खिशाला दोघांनाही सोसेल असं काहीतरी सुचव. मात्र एक सांगते. भांड्यांचं दुकान बंद केलं तरी बाबांनी त्यांचा लोहचुंबक खिळ्याला टांगून ठेवला आहे. माल आला की बाबा तो लावून बघणार, चिकटला तर ते स्टेनलेस नव्हे. तू साधे लोखंडी डबे स्टेनलेस म्हणून खपवलेस आणि बाबांना घरोघर फिरून ते परत घ्यावे लागले, हे ते विसरलेले नाहीत. मी तुझ्या वतीने शब्द टाकला आहे. पाइप चांगला निघाला तर त्याला घरी बोलवू या का, असं मी विचारलं. ते हो म्हणाले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. आपल्या घरात हे पुष्कळ झालं.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती तशीच राहील.

तुझी,
ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, बाई मुद्द्याचं बोलल्या.

आता नीट ऐक, नाहीतर तू नेहमीप्रमाणे अर्धं वाचून फिटरशी भांडशील. साधा लोखंडी पाइप रंग देऊन मिळतो, सगळ्यात स्वस्त, पण तुमच्याकडे वर्षही काढत नाही, ते तू पाहिलंसच. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला थोडा बरा, पण दगड लागून ओरखडा उठला किंवा जोड दिला की तिथून गंज धरतो. भांड्यांना वापरतात ते भारी स्टेनलेस मुलखाचं टिकेल, पण त्या किमतीत म्हातारीसारखी दुसरी म्हातारी येईल. मधला एक प्रकार आहे, सायलेन्सरसाठीचंच स्टेनलेस. वरून जरा तांबूस पडतं, पण पोखरलं जात नाही, असं आमचे वस्ताद सांगतात. तेच घेऊ या.

उगाच जाड पाइपाचा हट्ट नको. गाडी भुंकल्यासारखी वाजते आणि चिखलात जोर कमी पडतो. वस्तादांनी तुमच्या मापाचा स्वतः वाकवून दिला. पाइप वर, चासीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लागून जाईल म्हणजे दगडाला आपटणार नाही. पाइपाचं शेपूट मागच्या फळीच्याही बाहेर काढलं आहे, म्हणजे धूर आत शिरणार नाही. सायलेन्सरच्या डब्याच्या तळाला बारीक भोक आहे, त्यातून पाणी गळून जाईल. ते फिटरने शहाणपणा करून बुजवू नये. क्लॅम्पही स्टेनलेसचेच घातले आहेत.

बाबांना सांग, स्टेनलेसचाच आहे. या वेळी त्यांनी खुशाल तपासावं. ताई, मी रोज तो पाइप जाता-येता हात लावून बघत होतो. वस्ताद हसत होते.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या


ता. २ एप्रिल

चि. भावास,

पाइप आला. बाबा आधीपासून ओसरीवर बसून होते. फिटर, माझ्या दवाखान्यातली आया, शेजारचे मास्तर, सगळे जमले होते, कारण मीच सगळ्यांना ओरडून बोलावलं होतं. बघा माझ्या भावाचं काम, म्हणून. बाबांनी चुंबक आणला, पाइपाला लावला आणि हात सोडला. तो तसाच चिकटून राहिला.

मास्तरांनी उगाच घड्याळ बघितलं. बाबा चुंबक काढून आत गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, त्याचं नाव या घरात काढू नकोस.

तुला एकदाच करून पोट भरलं नाही का? तेही माझ्या तोंडावर, मी शब्द दिलेला असताना. आया आता माझ्याशी अगदी जपून बोलते, कुणी दगावल्यासारखं. लाज तुला वाटायला हवी होती, वाटते आहे मला.

दुसरं काही हाताशी नाही म्हणून पाइप बसवून घेतला आहे. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस.

ताई


ता. ११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नको म्हणालीस तरी लिहितो, एवढं एकच.

तुझं पत्र वाचल्यावर मी शेजारच्या स्पीकरवाल्याकडून चुंबक मागून आणला आणि तुझ्याच पाइपाच्या उरलेल्या तुकड्याला लावला. खटकन बसला. म्हणजे वस्तादांनी मला फसवलं. ज्यांना मी देवाच्या ठिकाणी मानत होतो, त्यांनी. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी त्यांना चोर म्हणालो. माझ्या जिभेला हाड उरलं नव्हतं. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले. खरं होतं म्हणूनच गप्प बसले, असं मला वाटलं.

मी काम सोडलं. सध्या एका टायरवाल्याकडे माल चढवतो. बाबांना सांगता आलं तर सांग, या वेळी मी नव्हतो. नाही सांगितलंस तरी समजेन. माल तर माझ्याच हातून आला.

तुमच्या सगळ्यांच्या माना मी खाली घालायला लावल्या. क्षमा असावी.

खटपट्या


ता. ६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

एवढे महिने मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता कुठल्या तोंडाने लिहू, ते कळत नाही, तरी लिहिते.

म्हातारीचे ब्रेक बघायला फिटरने तिला वर चढवलं आणि मला हाक मारली. खाली जे जे होतं ते गंजून गेलं होतं. बोल्ट, ब्रेकची नळी, पायदानाचा पत्रा. तुझा पाइप नुसता तांबूस झाला होता. फिटरने कानशीने जरासं घासलं, तर आत लख्ख. धूर तर एकदाही आत आला नव्हता. मी नऊ-दहा बायका आणल्या, एकीलाही मळमळ नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

बाबा या वयात गाडीखाली सरपटत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग तसेच उठून पोलादाच्या गोदामात गेले आणि विचारून आले. सायलेन्सरच्या स्टेनलेसमध्ये निकेल जवळजवळ नसतं, म्हणून ते परवडतं आणि म्हणूनच त्याला चुंबक चिकटतो. गंज रोखतं ते क्रोमियम, ते त्यात असतंच. चुंबकाची परीक्षा भांड्यांपुरती ठीक. आपण भांडीवाले, तिघांनाही दुसरं काही ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या घरातल्या माणसाने तो पाइप गाडीला लावला असता आणि विसरून गेला असता.

रात्री बाबा म्हणाले, पोराने डब्यांच्या वेळी लबाडी केली ती त्याची, पण वस्तादांना चोर म्हणाला ते माझ्या शिकवणीतलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, कारण तुला पहिल्यांदा चोर ठरवलं ते मी. तुझं काम माझ्या पत्रामुळे गेलं. मला माफ कर असं लिहायलाही संकोच वाटतो.

तू वस्तादांकडे जा. आणि मग घरी ये.

रागवायचं तेवढं रागव, पण परकं समजू नकोस.

तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावलो नाही. रागवायला तोंड कुठे आहे? तू मला पत्रात चोर ठरवलंस, मी त्यांना भर दुकानात चोर म्हणालो.

पत्र मिळाल्यावर मी वस्तादांच्या गल्लीत रोज जायचो आणि कोपऱ्यावरूनच मागे फिरायचो. मंगळवारी गेलो तर आत स्टुलावर बाबा. तू मला कळवलं नव्हतंस. बहुतेक त्यांनी तुलाही सांगितलं नसावं. ते वस्तादांना सांगत होते, मुलगा बोलला ते माझे शब्द होते, तुम्ही मला बोला. बाबांनी कुणासमोर असे हात जोडलेले मी जन्मात पाहिले नव्हते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी वस्तादांचे पाय धरले. त्यांनी विचारलं, त्या दिवशी एकदा तरी का विचारलं नाहीस, चुंबक का चिकटतो म्हणून? मी होतो ना सांगायला. मग म्हणाले, उद्यापासून ये.

बाबा बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. रविवारी घरी ये, एवढंच बोलले. येतो आहे. फिटरला आणि मास्तरांना बोलावू नकोस, आधी मला एकट्याला येऊ दे.

एक राहिलं. पूर्वी वस्तादांचं दुकान मी उघडायचो, किल्ली माझ्याकडे असायची. वस्तादांनी काम दिलं, किल्ली नाही दिली. त्यांचं बरोबर आहे. मी सकाळी त्यांच्या आधी पोचतो आणि बंद दारापाशी उभा राहतो. येणारे-जाणारे बघतात. ते येतात, कुलूप काढतात, आणि मी त्यांच्या मागून आत जातो.

तुझा लोभ मी गमावला नाही, हे माझं नशीब.

तुझा,
खटपट्या