मागच्या खोलीतल्या सामानाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, धंद्याने प्लंबर, वय वर्षे अडुसष्ट (पैकी पहिली सात धरायची की सोडायची याबद्दल माझं आणि डॉक्टरांचं एकमत नाही), राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि सकाळचा चहा पोटात असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला माणूस निदान जवळ तरी यावा लागतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत आले आणि उरलेल्या दोनाचं काय करू, असं त्यांनाच विचारलं. त्यांनी लगेच सही केली.

वकीलबाईंचं म्हणणं, वस्तू लिहा, माणसं लिहा, कारणं लिहीत बसू नका. पण 'का' हा शब्द मला फार उशिरा मिळाला. तो मी सोडणार नाही.

कलम १. राहतं घर

तिसऱ्या मजल्यावरचं हे घर माझ्या मालकीचं आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची खोली. मागच्या खोलीला खिडकी नाही. छताजवळ एक झरोका आहे, तो पाइपांच्या बोळात उघडतो. या खोलीत मी जन्मापासून सात वर्षं राहिले, त्याची हकिगत अशी.

आईवडिलांनी हे घर भाड्याने घेतलं तेव्हा दादा दोन वर्षांचा होता. भाडेकरारात लिहिलं होतं, 'राहणार: प्रौढ दोन, मूल एक.' वर्षभराने मी झाले. वडील विमा कचेरीत हेडक्लार्क होते आणि लिहिलेल्या ओळीपुढे ते देवालाही जुमानत नसत. त्यांनी करार दोनदा वाचला आणि मला मागच्या खोलीत ठेवलं. मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. दोन वेळा दार उघडायचं, ताटली आत यायची, दार लागायचं. बोलायचं मात्र कोणी नाही. बोललं तर मूल बोलायला शिकतं, शिकलं तर बोलतं, बोललं तर खाली घरमालकाला ऐकू जातं. वडिलांच्या तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

कोणी आलं आणि मागे काही वाजलं, तर आई म्हणायची, "तिथं सामान आहे." हे मात्र दारातून मला ऐकू यायचं. त्यामुळे माझं नाव सामान आहे, अशी माझी समजूत झाली.

खोलीतून तीन पाइप जात होते. त्यांना कान लावून मी बसायची. पहिल्या मजल्यावर कोण अंघोळ करतंय, चौथ्यावर कोणाची टाकी भरली, सगळं मला कळायचं. पाइप माझ्याशी बोलत नव्हते, पण निदान माझ्यापासून आवाज लपवत नव्हते.

सातव्या वर्षी न्हाणीघरातला जोड सुटून घरमालकाच्या छताला ओल आली. तो प्लंबरला घेऊन वर आला. वडील कचेरीत होते. प्लंबर म्हणाला, गळती भिंतीपलीकडून असणार, मागची खोली उघडा.

आई म्हणाली, "तिथं सामान आहे."

"हलवू की सामान," असं म्हणून त्याने कडी काढली. त्याने आत डोकं घातलं. मग घरमालकाला म्हणाला, "अहो, हे सामान माझ्याकडे बघतंय."

मी त्याचा हात धरला आणि पाइपावर ठेवला. नेमका जिथून पाणी भिंतीत शिरत होतं तिथे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं संभाषण, आणि ते कामाचं झालं.

संध्याकाळी वडील आले. त्यांनी कपाटातून करार काढून घरमालकापुढे धरला. घरमालकाने चष्मा लावून वाचला आणि ओरडला.

"अहो, हा दुकानातला छापील फॉर्म आहे! मुलांचा आकडा नसलेले फॉर्म त्या दिवशी संपले होते. सांगायचं ना मला!"

"पण सही तुमची आहे," वडील म्हणाले.

चौकशीला एक बाई आल्या. त्यांनी विचारलं, मारलं का? नाही. जेवण तोडलं का? नाही. "मग तुम्ही केलं तरी काय?" वडील म्हणाले, "काहीच नाही केलं." ते अक्षरशः खरं होतं. पण बाईंच्या कागदावर तेवढ्यासाठी रकाना नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मुलीची सोय प्लंबरकडे.' कारण मी त्याचा हात अजून सोडलेला नव्हता.

हे घर कोणाला, ते कलम ५ मध्ये. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते. मागच्या खोलीचं दार मी काढून टाकलं आहे. ते कोणीही, कुठल्याही सबबीवर, पुन्हा बसवायचं नाही.

कलम २. बँकेतली ठेव

ही सगळी चिमणीला. चिमणी म्हणजे प्लंबरकाकांची मुलगी. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती, मी सातची, आणि बोलणं आम्ही एकाच दिवशी सुरू केलं.

डॉक्टर काकूंना म्हणाले होते, "बोलायला शिकायचं वय गेलं हिचं. फार तर दहा-वीस शब्द येतील."

काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा सगळा संसार दहा-वीस शब्दांत चाललाय. पुरतात."

काकू चमचा धरून म्हणायच्या, "हा चमचा." चिमणी म्हणायची, "चमचा." मी चमचा काय म्हणतो याची वाट बघायची. सहा महिन्यांत चिमणी माझ्या पुढे गेली आणि मला शिकवायला लागली. अडीच वर्षांच्या मास्तरणीकडे शिकल्याचे तोटे असतात. ती 'र'ला 'ल' म्हणायची. पुढे ती सुधारली, मी राहिले. अजूनही घाईत मी गिऱ्हाइकाला सांगते, "पाण्याचा प्लवाह कमी आहे."

'मी' हा शब्द मला नवव्या वर्षी आला. तोवर "सामान भुकेलं," "सामान झोपलं," असंच चालायचं. काकूंनी माझा हात माझ्याच छातीवर ठेवून दिवसच्या दिवस "मी, मी" म्हणून घेतलं. शेजारणीला वाटलं घरात बकरी आणली.

पहिल्यांदा रस्त्यावर नेलं तेव्हा टोकाला एक इवलीशी बस दिसली. माझ्यासाठी सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे समोरची भिंत. ती बस जवळ येता येता मोठी होत गेली, तसा मी असा टाहो फोडला की ड्रायव्हर खाली उतरून माझी माफी मागू लागला. विनोदावर मला हसू येतं, पण दुसऱ्या दिवशी. मिठी मारली की मी अजून ताठ होते. चिमणीने यातल्या कशाचाही कधी राग मानला नाही. मारायची ती मिठी मारतेच आणि म्हणते, "तू खांबासारखी उभी राहा, मला चालतं." ठेव तिची.

कलम ३. हत्यारं

धंदा मला काकांनी शिकवला. ओट्याखाली, टाकीमागे, जिथे दुसऱ्याचा जीव घुसमटतो तिथे मला घरी आल्यासारखं वाटतं. भिंतीला कान लावून गळती सांगते म्हणून लोक मला लांबून बोलावतात. या गुणाचं श्रेय वडिलांना द्यावं, असं दादाची बायको एकदा म्हणाली. तिला या मृत्युपत्रात काहीही नाही.

सर्व पाने, पक्कड, पाइपाला आटे पाडायचं यंत्र आणि वॉशरचा डबा कोपऱ्यावरच्या प्लंबरला द्यावा. गेली तीस वर्षं तो माझी गिऱ्हाइकं पळवतो आहे आणि प्रत्येक जोडाला पांढरी टेप अशी गुंडाळतो, जणू पाइपाचं हाड मोडलंय. तरी द्यावा. फक्त मोठा पाना देऊ नये. तो मोठ्या पान्याने लहान कामं करतो.

फरशीवाल्याला वस्तू काही नाही, एक निरोप आहे. मी तिशीत असताना एका बांधकामावर आम्ही दोघं कामाला होतो. त्याने मला विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?" मी काही बोलले नाही. आमच्या घरी गप्प राहणं हे उत्तर असायचं. तो अकरा महिने थांबला. रोज विचारायचा, "काही ठरलं का?" मग त्याने दुसरीकडे जमवलं. त्याला सांगावं की मी हो म्हणत होते. रोज.

कलम ४. आईवडील

दोघंही आता नाहीत, त्यामुळे त्यांना देण्यासारखं काही नाही. पण हा हिशेब कुठेतरी मांडायला हवा.

मी चाळीस वर्षांची असताना म्हाताऱ्या घरमालकाने हे घर विकायला काढलं आणि मी ते घेतलं. भाडेकरू तेच होते, आईवडील. लोकांना वाटलं, मी आता दोघांना बाहेर काढणार. मी फक्त नवा करार केला. मुलांच्या जागी लिहिलं, 'हवी तितकी.' आणि एक अट घातली, की दर रविवारी सकाळी मी येईन आणि त्यांनी माझ्याशी किमान एक तास बोलायचं.

वडिलांनी भिंग लावून वाचलं. "विषय लिहिलेला नाही."

"काहीही बोला."

"काहीही हा विषय होत नाही."

सहीला मात्र ते पक्के. पहिल्या रविवारी त्यांनी मला रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवलं, परतीच्या गाड्यांसकट. आईला काही सुचेना, म्हणून तिने साबणाच्या वेष्टणावरचा मजकूर वाचला. तिचा आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. साबणात काय काय घालतात ते मला आजही तोंडपाठ आहे.

पाचव्या रविवारी वेष्टणं संपली. आई बराच वेळ पदर चाळवत बसली आणि मग म्हणाली, "तुला सर्दी झाली की मी दाराबाहेर उभी राहून नाक शिंकरायची. मोठ्याने. कसं शिंकरायचं ते तुला ऐकून कळावं म्हणून."

मी म्हटलं, "कळलं होतं."

तेवढंच. तिने पुन्हा कधी त्या दिवसांबद्दल काही काढलं नाही, मीही नाही. पण तास संपला तरी त्या दिवशी कोणी उठलं नाही.

वडिलांनी माफी मागितली नाही. तशी अटही नव्हती. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, "कराराची मुदत वाढवली का?" मी "वाढवली" म्हणाले. वाढवलेली नव्हती. कागदाच्या बाबतीत मी आयुष्यात केलेला तेवढा एक खोटेपणा.

कलम ५. दादा

माझा मोठा भाऊ, वय एकाहत्तर. करारातलं 'मूल एक' ते हा. पुढच्या खोलीत त्याच्याजवळ आई होती, खेळणी होती, खिडकी होती. माझ्या दाराशी येऊन त्याने एकदाही हाक मारली नाही. साठ वर्षं हा डूख मी धरून ठेवला. आम्ही भेटायचो ते कोणी गेलं की. त्याने लग्न केलं, पण मूल होऊ दिलं नाही. एक झालं तर दुसऱ्याचं काय, असं तो म्हणायचा आणि लोकांना ते कोडं वाटायचं.

गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला.

"दादा, घर तुझ्या नावे करते आहे. हवं का?"

"मला कशाला? तुझा राग आहे ना माझ्यावर?"

"आहे. घर हवं का?"

तो म्हणाला, "न्हाणीघरातला तो जोड मी ढिला केला होता."

"कुठला?"

"तोच. वडिलांची पक्कड घेऊन. दहा वर्षांचा होतो, हातात जोर नव्हता, चार दिवस लागले. खाली गळलं तर घरमालक माणूस आणेल, असं वाटलं. हाक मारायची सोय नव्हती गं. मी दाराशी गेलो की वडील जेवण सोडून उठायचे."

मी म्हटलं, "साठ वर्षं सांगितलं का नाहीस?"

"घरातलं बाहेरच्यांना सांगायचं नाही, असं शिकवलं होतं. तू बाहेर गेलीस ना."

म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्लंबिंगचं काम दादाने केलं, तेही चुकीच्या हत्याराने. पाइपाला पक्कड लावत नाहीत, पाना लावतात. हे त्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लक्षात ठेवीन."

घर दादाला. त्याच्यामागे चिमणीला. भाड्याने द्यायची वेळ आली तर करारात मुलांचा आकडा घालायचा नाही. आणि मोठा पानाही दादालाच द्यावा.

कलम ६. मी गेल्यावर

कसलाही थाट नको. फोटो लावू नये, मी प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडे सोडून भिंतीकडे बघते आहे. जमलेल्यांनी बोलावं, भांडावं, कोपऱ्यावरच्या प्लंबरने स्वतःची जाहिरात केली तरी चालेल. पण मौन पाळू नये. दोन मिनिटंसुद्धा नाही. माझ्या वाटचं सगळं पाळून झालेलं आहे.

सहीबाबत खुलासा: आज सही करायची म्हणून दादाला कळवलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं, तो पिशवी घेऊन आला. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला घर मिळणार त्याने सहीच्या वेळी या खोलीत थांबू नये. तो म्हणाला, "मग मी चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेला. खाली माझी सही मधेच वाकडी गेली आहे. ती खोटी समजू नये, हात माझाच आहे. अर्धी सही झाली आणि आतून त्याने ओरडून विचारलं, "तुला साखर किती लागते गं?"

सही: तिसऱ्या मजल्यावरची प्लंबरबाई

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. मधे पेन खाली ठेवून बाई "दोन चमचे!" असं ओरडल्या आणि मग काही वेळ त्यांना पेन धरता आलं नाही. नंतर सही पुरी केली, ती त्यांच्याच हाताने.

साक्षीदार १: दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार २: या गल्लीत टपाल वाटणाऱ्या बाई

स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल
तारीख: चार फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं