चोवीस नंबरचा पाना

उस्ताद, तुम्ही गेल्याला चाळीस वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितोय. शाळा सातवीपर्यंतच, तेव्हा चुका होतील. मागच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपवून घरी आलो आणि तासाभरात एका माणसाचं मनगट मोडलं. चोवीस नंबरच्या पान्याने. शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज झाला, तो अजून कानात आहे. तेव्हापासून दारासमोर कुठलीही गाडी थांबली की मी खिडकीशी जातो, पोलीस आले की काय म्हणून. गॅस बंद केलाय ना, हेसुद्धा चार-चारदा बघतो. हात धुतो, परत धुतो.

तुमच्यामागे चालवलेलं गॅरेज बंद केल्यावर हत्यारं मी घरी, सांडोर गावात आणली, केळीच्या वाडीला लागून शेड आहे तिथे. माझा मुलगा आता चाळिशीचा, बँकेत नोकरीला, पण वेड सगळं मोटरसायकलचं. त्याचे पाच-सहा मित्र दर रविवारी शेडमध्ये बसतात. दोन वर्षं त्यांचा एकच विषय, इटलीची एक नवी गाडी. फार मोठी नाही, लहानही नाही, दोन सिलिंडरची. रस्त्यावर पळते आणि दगडा-चिखलातही चढते म्हणतात. तिकडच्या प्रदर्शनात ती दाखवली त्या दिवशी यांनी शेडमध्ये केक कापला. इथे अजून एकानेही डोळ्यांनी पाहिलेली नाही, तरी तिचं वजन, सीटची उंची, पुढचं चाक किती इंची, सगळं तोंडपाठ. त्यातला एक बुटका आहे, तो पाय जमिनीला पोचतील का म्हणून बाकड्यावर विटा रचून त्यावर बसून बघायचा. मीही त्यांच्या फोनवर तिचा आवाज ऐकला. खोटं कशाला बोलू, चांगला आवाज आहे. घरात कोणी नसताना मी तो पुन्हा लावून ऐकायचो.

ज्याला मारलं तो त्यांच्यातलाच, तुळिंजला राहतो. मूळचा साताऱ्याकडचा, अंधेरीला ऑफिस. सगळ्यांच्या आधी त्यानेच गाडी बुक केली होती, पुढच्या महिन्यात मिळणार होती. त्या रविवारी मी म्हणालो, "आली की आधी इथे आणा. इंजिनातल्या टॅपेटचा आवाज मी ऐकून देतो."

"काका, तिला हात नाही लावायचा," तो म्हणाला. "लॅपटॉप जोडल्याशिवाय ती बोलतच नाही."

"लॅपटॉपला काय कान असतात?"

"तुमच्यापेक्षा बरे असतात. परवा स्टेशनवर तीन हाका मारल्या मी तुम्हाला."

सगळे हसले. माझा मुलगाही हसला. म्हणाला, "पप्पा, तुम्ही जरा चहाचं बघा ना."

तो माणूस त्याच्या आत्ताच्या गाडीच्या सीटवर दोन्ही हात टेकून उभा होता. भिंतीवरच्या पान्यांकडे मान वळवून म्हणाला, "हे सगळं आता भंगारात घाला काका. किलोवर तरी जाईल." तुमची हत्यारं होती ती, उस्ताद. पाना हातात कधी आला ते आठवत नाही. तो खाली बसला, मनगटातून हाड वर आलेलं, सीटवर रक्त. मी पुन्हा हात उचलला. मुलाने मागून मिठी मारली म्हणून, नाहीतर दुसरा घाव डोक्यात होता.

मारणं मी तुमच्याकडून शिकलो, असं लिहायचं ठरवून बसलो होतो. मी तुमच्याकडे शिकाऊ पोर, पाचूबंदरच्या कोळ्याची गाडी आलेली आहे. ब्रेक बसवताना मी एक पिन विसरतो. तुम्ही गिऱ्हाइकासमोर काही बोलत नाही. तो गेल्यावर चेन उचलता. पाठीवर तीन, चौथी कानावर. तुम्ही शिवीसुद्धा देत नाही, म्हणून भीती जास्त वाटते. शर्ट रक्ताने पाठीला चिकटतो, रात्री आई तो पाणी लावून सोडवते. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच गाडीची चावी माझ्या हातात देता. आपल्या गॅरेजात तशी रीतच होती, ज्याने मार खाल्ला, दुरुस्त झालेल्या गाडीची पहिली चक्कर त्याची. मी किल्ल्यावरून बंदरापर्यंत गेलो. खाऱ्या वाऱ्याने पाठ झोंबत होती आणि मी हसत होतो. त्याला मी इतकी वर्षं माया समजलो. आता नाही समजत. पिन विसरलो तर माणूस मरतो, ते खरं. पण चौथी कशाला होती?

काल तुळिंजला गेलो. मुलगा आला नाही, बोलतच नाही माझ्याशी. दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं. "आता काय राहिलंय?" म्हणाली. आतून तो म्हणाला, "येऊ दे त्यांना." उजव्या हातात प्लेट घातलीय, बोटं सुजून काळी पडलीत. मूठ पूर्वीसारखी वळेल का, डॉक्टर सांगत नाहीत. डाव्या हातात फोन धरून तो त्याच गाडीचा व्हिडिओ बघत होता, डोंगरात कोणीतरी ती पळवत होतं.

"क्लचचा हात शाबूत आहे काका," म्हणाला. "अर्धी गाडी तर चालवेन." बायको उठून आत गेली.

मग फोन पालथा ठेवला. "पोलिसात गेलो नाही ते तुमच्या मुलाकडे बघून. पण एक सांगा, मी असं काय बोललो?"

"डोकं फिरलं, बाबा. काय करतोय ते कळलंच नाही मला."

त्याने मान हलवली. "होतं असं. ट्रॅफिकमध्ये माझंही होतं कधी कधी." विश्वास ठेवला त्याने.

फादरांना सांगता येईल, पण ते माफ करतील. मुलाला सांगायची हिंमत नाही. तुमच्याकडे टपाल जात नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. कळलं नाही, हे खोटं आहे. दोन्ही हात सीटवर होते आणि माझ्या जवळ होता तो डावा. उजव्यापर्यंत पोचायला मी एक पाऊल पुढे टाकलं. ॲक्सिलरेटर कुठल्या हातात असतो हे मला माहीत होतं.