अक्काच्या रक्ताचा आकडा

वरवे बुद्रुक

प्रिय शेफाली,

फोनच केला असता, पण तू मध्येच रडायला लागतेस आणि मग मी गप्प बसते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

अक्काला परवापासून माझ्याकडेच आणलंय. पेजेचे दोन घोट कसेबसे जातात. पाठ एवढी दुखते की कूस बदलताना माझा दंड धरते, बोटं उमटतात. तरी तोंडात तुझंच नाव. पानशेतला तुझ्या हॉटेलावर गर्दी असंल, शेफा वेळेवर जेवली असंल का, हे दिवसातनं चारदा. स्वतःच्या पोटात अन्न ठरत नाही आणि हिला दुसऱ्याच्या ताटाची काळजी. मला तिचा राग येतो गं कधी कधी, खरंच सांगते.

मागल्या वर्षी तिच्या छातीतल्या गाठीचं दुखणं हाडात परत उगवलं, तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आठवतं का? दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यातला गाठीचा आकडा चढत राहिला तर लगेच स्कॅन करायचं, आणि गोळ्या लागू पडत नसतील तर त्या बंद करून पुन्हा केमोचं सलाइन. जानेवारीत तो तिसावरून बावन्नवर गेला. एप्रिलमध्ये बघू, म्हणाले.

आणि नेमकं वैशाखात तुझं लग्न धरलं होतं. आईला असलं म्हणजे लेकीलाही होणार, असं लोक धरूनच चालतात, म्हणून तुझ्या सासरी आपण तिघींनी अक्काचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय असं सांगितलेलं. अक्काचे केस कुठे कानापर्यंत आले होते. पुन्हा सलाइन म्हणजे ऐन मांडवात बोडकं डोकं. मग कोणाकोणाचं तोंड धरणार होतो आपण?

रक्त न्यायला येणारी मुलगी स्कूटीवरून वरव्यापर्यंतच यायची, वर भाटघरला अक्काच्या घरी जायची नाही. त्यामुळे तपासणीला अक्का माझ्याकडे यायची. एप्रिलमध्ये मुलगी नवीन आली. ती दारात गाडी लावत होती, तेवढ्यात अक्का म्हणाली, "रत्ने, आज तू बस. पोरीचं लगीन पार पडू दे, मग माझं काय ते बघू." मी नको म्हणायला हवं होतं. मोठ्या बहिणीपुढे आजवर कधी बोलले नाही, त्या दिवशीही नाही. मुलीनं नाव विचारलं, मी अक्काचं नाव, भिमाबाई, सांगितलं आणि हात पुढे केला. अक्का आत स्वयंपाकघरात बसून होती.

आकडा आला सतरा. तू पेढे घेऊन आलीस, एक मला तुझ्या हातानं भरवलास. मी तो गिळला.

लग्नानंतर खरं रक्त द्यायचं ठरलं होतं. पण सतरावरून एकदम शंभराच्या पुढे गेला तर डॉक्टर विचारणार, तू विचारणार. एक खोटं झाकायला दुसरं. जुलैमध्ये पुन्हा मीच बसले. डॉक्टर खूश झाले, त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणाले. ज्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता, त्या ती सहा महिने वेळेवर घेत राहिली. आता पाठदुखी वाढली म्हणून दसऱ्यानंतर स्कॅन केलं, त्यात यकृतात निघालं.

तू सांगितलंस, डॉक्टर म्हणाले की काहींच्या रक्तात गाठ दिसतच नाही, यांचा आकडा आता बघण्यात अर्थ नाही. दिसते गं. एप्रिलचा आणि जुलैचा, दोन्ही रिपोर्ट माझे आहेत. गुरुवारी ते नवीन औषध ठरवणार, त्याआधी त्यांना हे सांग. मी त्यांच्यासमोर उभी राहते, तोंड उघडलं नाही तर तूच बोल. अक्कानं मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय, ती मोडून लिहितेय. आता औषधानं फार काही होईल असं मला वाटत नाही, खोटी आशा तुला लावणार नाही. पण निदान तिचं रक्त तिच्या नावानं जाऊ दे. आणि परवा तू म्हणालीस ना, मावशी, तू होतीस म्हणून आई एवढी टिकली? ते पुन्हा म्हणू नकोस.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
रत्नामावशी