भिंतीवरचा आकडा

३ ऑक्टोबर १९५५
औरंगाबादेत आलो आणि हिवताप खात्यात चिकटलो एकदाचा! मुकुंदवाडीत दोन खोल्या मिळाल्या. मंजुळा खूश, आमची साळू तर आगगाडी बघून नाचतेच आहे. काम मजेचं आहे. माझा जोडीदार कडूबा घरोघरी आत औषध फवारतो, मी बाहेर दाराशेजारी पत्र्याचा साचा धरून गेरूचा ब्रश फिरवतो. तारीख, आणि घरात माणसं किती तो आकडा. साचे मीच कोरलेत, माझा चार तर बघत राहावा असा. रझाकार गेले, पोलीस अ‍ॅक्शनला सात वर्षं झाली, तरी दाराशी खूण म्हटलं की लोक बिचकतात. आमच्याही घराला आज आकडा छापला: तीन.

६ ऑक्टोबर
मनकर्णाबाईंच्या घरावर परवा पाच छापला होता. आज तिथं चार. पुसल्याची खूण नाही, आणि चार माझ्याच साच्याचा. त्या रडत म्हणाल्या, सासरे पहाटं गेले, पर आकडा कालच्यालाच चार व्हता. ही कडूबाची चेष्टा असणार. पण म्हातारा जाणार हे त्याला कसं कळलं?

११ ऑक्टोबर
मल्हारीच्या घरी काल सातचे सहा झाले, आज त्याची सून गेली. साचे माझ्या ट्रंकेत कुलपात होते, किल्ली करगोट्याला. त्याच्या शेजारची राजाबाई तोंडावर म्हणाली, तुमचा हात लई वंगाळ, आमच्या भिंतीला लावू नका. कडूबाही माझ्यावरच संशय घेतो. चोराच्या उलट्या बोंबा!

१४ ऑक्टोबर
आमच्या भिंतीवर दोन.
कोण जाणार? मंजुळाला कालपासून कणकण आहे. मी गेलो तर चालेल, साळू नको रे देवा. मग डोकं चालवलं. दोघींना बसमध्ये बसवून मंजुळाच्या माहेरी, देवगाव रंगारीला धाडलं. मंजुळा रुसली, रडली. परत येऊन भिंत धुतली आणि हातानं छापला एक. घरात माणूस एक, आकडाही एक. आता काय करशील?

१६ ऑक्टोबर
देवगावहून निरोप आला, दोघी धडधाकट आहेत. जिंकलो. पोटभर जेवलो.

१७ ऑक्टोबर
भिंतीवर दोन.
कुणी आलेलं नाही. खाटेखाली, माळ्यावर, पेटीमागं बघितलं — कुणी नाही. पुसला. परत दोन.

१८ ऑक्टोबर, दुपार
कडूबा अंगणात उभा आहे, आत येईना. विचारतो, बद्रीभाऊ, तुमच्या खिडकीत कवाचा उभा हाय, हुबेहूब तुमच्यावानी, तो कोण?
मी खिडकीपाशी नाही. खिडकी माझ्या पाठीमागं —
वळून बघणार नाही.
कडूबा ओरडतोय. दोनाचा एक झाला म्हणतो, बाहेर पळा म्हणतो. पाय उचलत नाहीत — दोघांतला एकच राहणार —
मंजुळा, साळूला घेऊन इकडं परतू नकोस. मी स्वतः न्यायला आलो, तरी —