फळ्यावरचा बिल्ला

प्रिय प्रफुल्ल,

जयभीम. ‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण सातवीपासूनची सवय आहे, एका मंगळवारात जात नाही. मुंबईत तू बरा असशील. माजरीत आम्हीही आहोत तसेच आहोत. फक्त आपला ‘काजळ्या’ बंद पडला आहे आणि अश्विन माझ्याशी बोलत नाही.

काजळ्या आठवतो ना? एरवी खाणकामगार, वेळ आली की गुप्तहेर, मिट्ट अंधारातही ज्याला लख्ख दिसतं असा आपला सुपरहिरो. आईने जुन्या छत्र्यांचं काळं कापड उसवून त्याचा झगा शिवला होता. तो घालून अश्विन पाण्याच्या टाकीवरून उडी मारायला गेला आणि टाकीतच पडला, तेव्हा कॅमेरा सोडून तू जमिनीवर लोळत हसला होतास. चंद्रपूरच्या केबलवाल्याने आपल्या मालिकेचे सात भाग दाखवले. बल्लारपूरच्या गाडीत लोक अश्विनला काजळ्या म्हणून हाका मारायला लागले. माझा जीव मात्र आठव्या भागात होता, कारण त्यात काजळ्याला त्याचाच साथीदार दगा देतो.

ती गोष्ट बाबांच्या खाणीतली. खाली उतरताना माणूस आपल्या नंबरचा बिल्ला वर फळ्यावर टांगतो, बाहेर आला की काढून घेतो. बिल्ला फळ्यावर दिसतोय तोवर वरचे लोक त्या माणसासाठी थांबतात, शोधायला उतरतात. आपला दगाबाज गोळीबिळी झाडत नाही. काजळ्या खाली अडकलेला असताना तो गुपचूप त्याचा बिल्ला काढतो, खिशात घालतो आणि घरी जेवायला जातो. दिवाळीनंतर तू मालिकांत काम शोधायला मुंबईला निघालास, त्या दिवशी बल्लारपूर स्टेशनच्या बाकावर हे सगळं मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालास, “प्रिया, हे तं लय भारी होऊन राह्यलं,” आणि माझ्या हातचा तो पहिला खर्डा सोबत घेऊन गेलास. मी किती खूश होते, काय सांगू.

तू गेल्यावर मी नकला लिहायला घेतल्या. बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे, तिथली रीत आपण धरली होती ना, ज्याची त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याचे प्रवेश, हाताने लिहून द्यायची. त्याआधी बाबांना सगळं आठवून तोंडीच सांगितलं. तुझ्याकडच्या खर्ड्यात मी बिल्ला तिकोनी लिहिला होता. खाणकामगाराची पोर असून! बाबा खोकला लागेपर्यंत हसले. “पोरी, आमचा बिल्ला गोल रायते. तिकोनी तं समोसा रायते.” मग मी सगळ्यांच्या नकलांत गोल लिहिलं. तुला कळवायचं राहिलं.

मार्चमध्ये त्या मोठ्या चॅनलवर नव्या हेरमालिकेची जाहिरात आली. खाण, झगा घातलेला हेर, बिल्ला काढणारा एक हात. केबलवाला म्हणाला, आता तुमचं कोण बघणार? त्या संध्याकाळी पहिला फोन तुझाच आला. “आपल्यातलाच फुटला. अश्विनच असन, जानेवारीत तो आडिशनले काऊन आला होता इथी?” मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं, कारण तुझ्यावर संशय घेण्याची मला सवयच नव्हती. तू गेल्यावर विहारामागच्या आपल्या खोलीत बाबांनी एका फळ्यावर पत्र्याचे सहा बिल्ले लावलेत, आपल्या सहा जणांच्या नावाचे. सगळ्यांसमोर अश्विनला घरभेदी म्हणत मी त्याचा बिल्ला खिळ्यावरून काढला. तो एवढंच म्हणाला, “मी नाई केलं. तुले मी तसा वाटलो काऊन?” आणि मी, दगाबाजाचा तो प्रवेश स्वतः लिहिणारी बाई, बिल्ला पर्समध्ये टाकून घरी जेवायला गेले.

मंगळवारी त्या मालिकेचा तो भाग लागला. सुरुवातीला झळकलेली नावं सगळी अनोळखी. कोणत्या दारातून आत जायला तू माझा खर्डा पुढे केलास, मला माहीत नाही. पण त्या हाताने फळ्यावरून बिल्ला काढला तेव्हा तो अगदी जवळून दाखवला. तिकोनी होता, प्रफुल्ल. जगात एकाच कागदावर तो तिकोनी होता. बाबा पडद्याकडे बघून पुन्हा हसले, “हे पाय, समोसा!” मला हसता आलं नाही. गोष्ट गेली याचं दुःख आहेच. पण तू माझ्याच हाताने अश्विनचा बळी घेतलास, हे मी विसरू शकत नाही.

बुधवारी मी त्याच्या घरी माफी मागायला गेले. दारातूनच म्हणाला, “मले एकट्याले नको सांगू. जितक्यायसमोर काढला तितक्यायसमोर लाव.” बरोबरच बोलला. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळे खोलीत जमतील. अश्विनचा बिल्ला मी परत लावीन आणि माझी चूक माझ्या तोंडाने सांगेन. तुझी तू सांगायचीस, एवढ्यासाठी हे पत्र. येणं होत नसेल तर फोन कर, मी स्पीकरवर ठेवीन. तुझा बिल्ला अजून फळ्यावर आहे, पाचपर्यंत आम्ही थांबू. आलाच नाहीस तर मी हेच पत्र सगळ्यांना वाचून दाखवणार. याच्या दोन नकला केल्या आहेत, एक तुला, एक अश्विनला. या वेळी दोन्ही अगदी सारख्या आहेत.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
संघप्रिया