घराच्या मापाची भट्टी

१४ ऑक्टोबर

घर तापवायच्या भट्टीला लाल चिठ्ठी – वापरायची नाही. गॅस कंपनीचा माणूस तळघरात उतरला, वर येऊन म्हणाला, "बाई, आतला पत्रा तडकलाय. विषारी वायू घरात येतोय. बंद केली मी." धाकट्या बहिणीचं, डार्काचं, डोकं किती दिवस दुखत होतं – मी आपली म्हणत होते, चष्मा बदल.

बाबांनी बसवलेली भट्टी. बाबांसारखीच होती. आवाज मोठा, ऊब कधीमधी. आता विजेचे दोन हीटर, एक माझ्या खोलीत, एक धाकटीच्या. स्वेटर घालून जेवतोय.

१६ ऑक्टोबर

डार्काने ओरेस्टला बोलावलं. चर्चच्या हॉलमध्ये हिच्याबरोबर पत्ते खेळतो तो. विधुर. मिशा रंगवतो. भट्ट्या विकतो.

तळघरात गेला, जुन्या भट्टीवरची पाटी वाचली, वर आला. झालं माप.

"टेक्लाबाई, होती तेवढीच टाकू. त्यापेक्षा एक नंबर मोठीच घ्या. कॅनडाची, त्यातून मॅनिटोबाची थंडी आहे, कमी पडायला नको."

"खिडक्या पाहिल्यात?"

"खिडक्या काय, सगळ्यांच्या सारख्याच."

सारख्याच! बाबांच्या वेळी वारा घरातून चालत जायचा. मग आम्ही खिडक्या बदलल्या, छताखाली जाड कापूस घातला. हे सगळं सांगितलं त्याला. तो डार्काकडे बघून हसला. तीही हसली. साठीला टेकलेली बाई.

१७ ऑक्टोबर

ओरेस्टच्या घरी गेलेय मी एकदा. भट्टी सुरू झाली की पडदे उडतात. जरा वेळ घाम, मग ती बंद, मग पाय गारठतात, की परत धडाड. न्हाणीघरात भाजतं आणि मागच्या खोलीत बर्फ. याला तो ताकद म्हणतो. पुरुषांना मोठं काहीतरी तळघरात लागतंच.

१९ ऑक्टोबर

ग्लेंडा मॅकाय नावाची दुसरी भट्टीवाली आली. च्युइंगगम चघळत बोलते, चिखलाचे बूट घालून थेट दिवाणखान्यात. पण भिंती मापल्या, खिडक्या मापल्या, छताखाली डोकं घालून आली. म्हणाली, "जुनीच्या निम्म्या ताकदीची पुरे. मोठी घेतलीत तर सारखी चालू-बंद होईल नि लवकर मरेल."

बाई आवडली नाही. म्हणणं पटलं.

डार्का फुरंगटली. "तुला ओरेस्ट नको, म्हणून तुला छोटी भट्टी हवी."

"मला घाम नको, म्हणून हवी."

"घर माझंही आहे, टेक्ला."

"मग तुझ्या अर्ध्यात लाव त्याची भट्टी."

जेवली नाही.

२६ ऑक्टोबर

छोटी बसली. डार्का बघायलाही खाली आली नाही.

६ जानेवारी

आमच्या युक्रेनी चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची आदली संध्याकाळ. बाहेर अशी थंडी की खिळे तडतडतात. डार्काने मला न विचारता ओरेस्टला जेवायला बोलावलं. सणाला दारात आलेल्याला परत कसं पाठवणार.

पिरोही, आमच्या उकडलेल्या करंज्या, खाता खाता तो भट्टीकडे कान लावून बसला. "ही बिचारी थांबतच नाही हो. दमेल."

"मंद आचेवर शिजवतात ते दमतं का? मोठ्या आचेवर करपतं."

डार्काने टेबलाखालून मला लाथ मारली. पण सगळ्या खोल्या सारख्या उबदार, मागचीसुद्धा. ओरेस्टने आधी कोट काढला, मग जाकीट. मी मुद्दाम विचारलं, "गार वाटतंय का?"

१९ जानेवारी

हिमवादळ. दुपारी भट्टी बंद पडली. डार्का माझ्याकडे बघायला लागली, सगळं चेहऱ्यावर. ग्लेंडाला फोन केला. बाई दुसऱ्या गावात अडकलेली. घर गार होत चाललं. डार्काने मला न विचारता फोन उचलला.

ओरेस्ट आला. रस्ते बंद, शेवटचा तुकडा चालत आला. काहीच न विचारता मागच्या भिंतीकडे गेला, बर्फात पोटावर झोपला. भट्टीची नळी तिथे बाहेर निघते, तिच्या तोंडाशी बर्फ धरला होता. फोडून काढला. भट्टी पुन्हा चालू झाली.

आत आला तेव्हा मिशा पांढऱ्याफटक. आता ऐकवणार, म्हणून मी उत्तर जुळवून बसले होते. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "टेक्लाबाई, भट्टी बरोबर घेतलीत. माझीच चूक होती."

सगळी तयारी फुकट. मी म्हटलं, "बूट दाराशी काढायचे असतात."

२ फेब्रुवारी

डार्का भांडी विसळता विसळता बोलली. ईस्टरआधीचे उपास लागायच्या आत ओरेस्टशी लग्न. राहायला त्याच्याकडे.

"त्या घरात उकडून निघशील."

"निघेन."

"मागची खोली गारठलेली असते."

"माहीत आहे, टेक्ला."

११ फेब्रुवारी

लग्न झालं. मिशांना ताजा रंग. केक कोरडा.

२० फेब्रुवारी

भट्टीला काही झालेलं नाही. ओरेस्टला फोन करून सांगितलं, आवाज येतोय. दोघं निघालेत. बीटाचं सूप ठेवलंय, तिघांना पुरेल एवढं.