अकरा गाणी, दुपारच्या सुट्टीत

प्रिय ठकू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय, आणि मी सर्दी झाल्याचं सांगितलं. सर्दी नव्हती. गेले दोन आठवडे मी ऑफिसात दुपारच्या सुट्टीत तुझी ती जुनी सीडी ऐकते आहे, आणि खोलीत कोणी नसलं की बरोबरीने गातेसुद्धा. हसू नकोस. कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये सिस्टर बजावायच्या, गाताना दात दिसता कामा नयेत. तुझ्या या गायकाचे दातच काय, पडजीभही दिसत असणार.

महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे. पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकले आणि टाइप केले. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल; दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. आता गुडघा कुरकुरतो, कानात बारीक शिट्टी वाजत राहते, आणि माझ्या जागी माणूस येणारच नाही म्हणे, मशीनच ऐकणार आणि मशीनच लिहिणार. वाईट वाटायला हवं, पण इतकी दमले आहे की वाईट वाटून घ्यायचंही त्राण नाही. ड्रॉवर रिकामा करताना तळाशी तुझी सीडी निघाली. घर बदलताना ती हरवली, असं मी तुला सांगितलं होतं. हरवली नव्हती, ठकू. मीच उचलून इथे आणून ठेवली होती. आत ते घडी घातलेलं पानही होतं.

तू सतरा वर्षांची होतीस. खोलीचं दार बंद आणि आत सकाळ-संध्याकाळ तीच गाणी. बाबा विचारायचे, हा गातोय की कुणी याची दाढ काढतंय? धाकटा तुझ्या दाराबाहेर उभा राहून त्याची नक्कल करायचा. एकदा तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, आई, याला इमो म्हणतात, मनातलं दुखणं ओरडून गायचं रॉक, एक गाणं ऐक ना माझ्याबरोबर, चारच मिनिटांचं आहे. मी नुकतीच कामावरून आले होते. म्हणाले, नंतर. मग एका सकाळी तुझं अंथरूण झटकताना उशीखाली ते पान सापडलं. तुझ्या अक्षरात, इंग्रजीत: माझा कोट धाकट्याला द्या, त्याला थंडी लवकर वाजते, माझी वाट पाहू नका. मला वाटलं, तू जीव द्यायचं ठरवलंयस. तू घसा फोडून सांगत होतीस, अगं आई, गाणं आहे ते, सातवं गाणं, लावून तरी बघ! मी लावलं नाही. ज्यांचे रिपोर्ट टाइप करायचे, त्याच डॉक्टरांसमोर तुला नेऊन बसवलं आणि पान टेबलावर ठेवलं. तीन आठवडे मनोरुग्णांचा वॉर्ड, गोळ्या, परीक्षा हुकली, वर्ष गेलं. परत आलीस ती अगदी शहाणी होऊन. पुन्हा कधी दार लावलं नाहीस, गाणंही लावलं नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, पोर बरी झाली.

सीडी सापडली त्या दिवशी मी आधी सातवं गाणंच लावलं. दुसऱ्या कडव्यात तो कोट आला. शब्दन् शब्द तोच. पेडलवरचा पाय आपोआप उचलला गेला. शेजारच्या टेबलावरची पोरगी डबा खाऊन आली, माझा चेहरा बघून म्हणाली, काय हो बाई, कुणाचा एवढा वाईट रिपोर्ट आहे? मी म्हटलं, माझ्या मुलीचा. आणि मग तिला समजावता समजावता नाकी नऊ आले, की तू ठणठणीत आहेस.

त्यानंतर पहिल्यापासून अकराही गाणी ऐकली. थांबवत, मागे नेत, सवयीप्रमाणे टाइप करत. इतकी वर्षं मला वाटायचं, हा मुलगा रागाने ओरडतो. तसं नाही गं. आधी हळू हाका मारून झालेल्या असतात, कुणी येत नाही, मग माणूस ओरडतो, तसं ते आहे. चौथ्या गाण्यात तर तो जवळजवळ कुजबुजतो. ते माझं सगळ्यात आवडतं झालंय. आजकाल जिना चढताना तेच तोंडात येतं, आणि मधल्या पायरीवर थांबायला एक निमित्तही मिळतं. तुझ्याबरोबर बसून ऐकलं असतं, तर तुझं आवडतं कुठलं ते तेव्हाच कळलं असतं. दिवसभर परक्यांचे आवाज ऐकून पोट भरणाऱ्या बाईला घरची चार मिनिटं जड झाली.

माफी मागायला हे पत्र लिहिलं, असं तुला वाटेल. ती तर मागतेच आहे. पण त्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, इंग्रजीतच, तीन ओळी आहेत. तेव्हा मी पान उलटलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. 'आई दिवसभर लोकांचं ऐकते. घरी आल्यावर तिचे कान दुखतात. म्हणून मी हळू बोलते.' या ओळी कुठल्या गाण्यातल्या आहेत हे शोधण्यासाठी मी सगळी सीडी टाइप केली, दोनदा तपासली. कुठल्याच गाण्यात नाहीत. ठकू, दर रविवारी तू फोन करतेस, तब्येत विचारतेस, तिकडची हवा सांगतेस आणि पाच मिनिटांत ठेवतेस. अजून हळूच बोलतेस. या रविवारी मोठ्याने बोल. रागाव, ओरड, काय वाटेल ते बोल. कान दुखले तर दुखू देत.

तुझीच,
आई